पुसण्याआधी : भायखळ्यातले दोन डीटीपी संगणक आणि लिनक्स

मागे एका प्री-पीएचडी वर्गात मला विचारलं गेलं, "तुमचं प्राथमिक साधन कोणतं?" मी म्हटलं, "एक हार्ड डिस्क. आणि दुसरी एक, जी मी स्वतःच पुसली." वर्ग हसला. मलाही हसू आलं असतं, पण त्या दुसऱ्या डिस्कवर एका दुकानाची साताठ वर्षं होती.

हा लेख त्या दोन डिस्कांबद्दल आहे. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर लिनक्स कसं टाकायचं, हे सांगणारी माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. ते काम आता खरंच सोपं झालंय, आणि घोडं तिथेच पेंड खातं. सोपं झाल्यामुळे आपण विचार न करता 'पुढे', 'पुढे' दाबत जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या 'पुढे'च्या आधी काय करायला हवं, ते मला चूक करून कळलं.

माझा विषय थोडक्यात सांगते. १९८५ ते २००५ या वीस वर्षांत मुंबईतली मराठी छपाई शिशाच्या खिळ्यांवरून संगणकावर कशी गेली, आणि खिळे जुळवणाऱ्या माणसांचं त्यात काय झालं, हे मी शोधते आहे. भायखळा निवडण्यामागे कारण आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली, आणि त्या छापखान्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी पुस्तकांच्या शीर्षकपानावर 'भायखळा' असा पत्ता दिसतो. म्हणजे या भागाचं आणि मराठी अक्षराचं नातं जुनं आहे. पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या, मंडळं आली, युनियन आल्या. या सगळ्यांना पावत्या, पत्रकं, अहवाल, लग्नपत्रिका लागायच्या. ते काम गल्लीबोळातले छोटे छापखाने करत. नव्वदच्या दशकात त्यांतल्या अनेकांनी ट्रेडल मशीन भंगारात काढलं आणि त्या जागी एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि 'येथे मराठी, हिंदी, इंग्रजी डीटीपी करून मिळेल' अशी पाटी आली.

या दुकानांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. छापलेलं पत्रक एखाद्याच्या ट्रंकेत सापडतं. पण ते पत्रक कितीदा बदललं, काय खोडलं, कोणी पैसे कमी म्हणून दोन ओळी काढल्या, हे कळायचं तर संगणकातली फाइलच हवी. राणीबागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातल्या धंद्यांच्या, कारागिरांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. त्या बघताना मला दर वेळी वाटतं, डीटीपीवाल्याची प्रतिकृती करायची तर काय दाखवणार? पाठमोरा माणूस आणि पिवळट पडलेला मॉनिटर?

तर झालं असं. २०२२ च्या पावसाळ्यात भायखळा स्टेशनाच्या पूर्वेकडच्या एका गल्लीतलं असं दुकान बंद होत होतं. काका साठीच्या पुढचे. आधी खिळे जुळवायचे, मग संगणकावर आले. मी मुलाखतीसाठी जात होते. एक दिवस म्हणाले, "अगं, हा डबा नेतेस का? भंगारवाला दोनशे देतोय." पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क, विंडोज एक्सपी. मला वाचनालयात बसून नुसतं टायपिंग करायला एक यंत्र हवंच होतं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट होतंच, त्यामुळे हात सरावलेला. ५१२ एमबीत मिंट चालणार नव्हतं, म्हणून अँटीएक्स घेतलं. पेनड्राइव्हवरून बूट होईना, मग डीव्हीडी बर्न केली. इन्स्टॉलरने विचारलं : सगळी डिस्क वापरायची? मी 'हो' म्हटलं. पाऊण तासात यंत्र तरतरीत झालं. मी खूश. मैत्रिणींना फोटो पाठवले.

दोन महिन्यांनी मुलाखतीत मी काकांना विचारलं, "जुनी पत्रकं, पावत्या काही ठेवल्यात का हो?" ते म्हणाले, "कागद कुठले ठेवतोय? जागा आहे का? पण मॅटर सगळं त्या डब्यात होतं की. तू नेलास ना?"

मी काही बोलले नाही. घरी येऊन हात चोळत बसले.

'जुना' हे कोण ठरवतं?

माझ्या चुकीचं मूळ एका शब्दात होतं : 'जुना'. संगणक जुना झाला म्हणजे तो रिकामा झाला, असं मी न बोलता धरून चालले होते. म्हणून आधी या शब्दाचाच इतिहास बघितला.

आकडे घ्या. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची मुख्य मेमरी होती ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबात १० केबी. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा गणपतीचा फोटो त्यात मावणार नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी. वीस वर्षांत ६४ पट. डीटीपीवाला मात्र त्या वीस वर्षांत तेच करत होता : मॅटर टाइप करायचं, प्रूफ काढायचं, दुरुस्त करायचं, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट मारायची.

मेमरी कमी पडते हे खरं. पण संगणक 'जुना' ठरतो तो बऱ्याचदा एका तारखेने. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी यंत्रात काही झिजत नाही. निर्णय दुसरीकडे झालेला असतो. गिरण्यांवर काम करणाऱ्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. 'यंत्रं जुनी झाली' हे वाक्य गिरणगावातही अनेकदा निर्णय झाल्यावर उच्चारलं गेलं.

आता लिनक्सचे भक्त म्हणतील, आमच्याकडे असं नसतं. असतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम असलेल्या स्वतःच्या संगणकावर. त्याच ३८६ चा आधार लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून, डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला. ज्या यंत्रावर जन्म झाला त्यावरच नवं लिनक्स चालेनासं झालं. डेबियन या वितरणाने ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. उबुंटूने ३२ बिटांची डेस्कटॉप आवृत्ती त्याआधीच, २०१७ मध्ये बंद केली होती. फरक इतकाच की इथे निर्णय उघड्यावर होतो, त्यावरची वादावादी वाचता येते, आणि कोणाला पटलं नाही तर तो तेच सामान घेऊन वेगळी चूल मांडू शकतो. इतिहासकाराला ती वादावादीच हवी असते.

हलक्या लिनक्सचा इतिहास म्हणजे अशा वेगळ्या चुलींचा इतिहास. समजून घ्यायची गोष्ट अशी की लिनक्सचा गाभा तसा फार जागा खात नाही. खातो तो डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, चित्रं दाखवणारा भाग, आणि सगळ्यात जास्त ब्राउझर. म्हणून ज्यांना जुनी यंत्रं चालवायची होती त्यांनी डेस्कटॉप हलका केला. फ्रान्समधल्या ऑलिव्हिए फूर्दाँने १९९६ मध्ये एक्सएफसीई सुरू केलं. ऑस्ट्रेलियात बॅरी कौलरने २००३ मध्ये पपी लिनक्स काढलं. ते सीडीवरून उठून सरळ मेमरीत बसतं, डिस्कला हातही लावत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) तैवानमधून २००६ मध्ये एलएक्सडीई आलं, आणि त्यावर बेतलेलं लुबुंटू २०११ मध्ये उबुंटूच्या अधिकृत कुटुंबात दाखल झालं. नवशिक्याला आज मी साधं उत्तर देते. ६४ बिटांचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, २ जीबीच्या आसपास असेल तर लुबुंटू, त्याखाली अँटीएक्स किंवा पपी. आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता आली तर रॅम वाढवण्याआधी ती बसवा. बस. यापलीकडे वितरणांच्या तुलनेत महिना घालवू नका. मी घालवलाय, आणि त्याचा प्रबंधात एका वाक्यालाही उपयोग झाला नाही.

मराठी लिनक्सवर आली कशी

पण यंत्र नुसतं चालून काय उपयोग? त्यावर मराठी दिसायला हवी, लिहिता यायला हवी. आज आपण लिनक्स टाकतो आणि मराठी आपोआप दिसते. त्यामागचे कष्ट दिसत नाहीत, आणि त्यांतले काही याच शहरात झाले.

लिनक्स भारतात बऱ्याच जणांच्या हातात पहिल्यांदा आलं ते 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबतच्या सीडीमुळे. १९९६ पासून हे मासिक लिनक्सच्या सीडी वाटू लागलं. तेव्हा घरात इंटरनेट असलं तरी फोनच्या तारेवरचं, त्यावरून एवढं सामान उतरवणं परवडणारं नव्हतं. पण ते लिनक्स इंग्रजीत होतं. देवनागरी लिपी पडद्यावर काढणं म्हणजे नुसता फाँट देणं नव्हे. 'क्ष' मध्ये तीन खुणा एकत्र येतात, ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर उच्चारला जातो पण आधी दिसतो, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हे जुळवणारा एक थर संगणकाला लागतो. जुन्या छापखान्यात ते काम जुळारी करायचा, त्याच्या डोक्यात ते नियम असायचे. संगणकात ते कोणीतरी लिहावे लागले.

जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटीमध्ये, या शतकाच्या सुरुवातीला 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प झाला. लिनक्सच्या पडदा रंगवणाऱ्या थरातच भारतीय लिप्यांची सोय करायची, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं शिकवावं लागणार नाही, अशी त्यामागची कल्पना. त्याच संस्थेत सुलेखनकार र. कृ. जोशी होते. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचाच. त्यांनी एनसीएसटीत घडवलेला 'रघू' फाँट मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि लिनक्सवाल्यांना हक्काचं देवनागरी अक्षर मिळालं. प्रकाश अडवानी आणि वेंकटेश हरिहरन यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेल्या 'इंडलिनक्स' या उपक्रमाने मेनू, सूचना, आज्ञा भारतीय भाषांत आणायचं काम हाती घेतलं. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' फाँट खुले केले. लोहित म्हणजे लाल. हे मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे ज्यांची 'श्री-लिपी' महाराष्ट्रातल्या डीटीपी दुकानांत घरोघरी होती त्यांचेच. हा दुवा मला सापडला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले. कारण माझ्या काकांच्या दुकानातली बंदिस्त मराठी आणि माझ्या लॅपटॉपवरची मोकळी मराठी एकाच घरच्या निघाल्या.

जाता जाता एक. १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजची वीरमाता जिजाबाई, सुरुवातीला भायखळ्यातच होती. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. मुंबईतल्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटाच्या बैठका पुढे त्या माटुंग्याच्या आवारात भरत. यातून काही सिद्ध होत नाही. पण मला आवडतं.

आता दुकानांकडे या. दुकानदार मागासलेले होते, नवं शिकले नाहीत, असं सरसकट लिहिलं जातं. मला ते मान्य नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण विंडोज ९८ ला युनिकोड मराठी येत नव्हती, आणि दुकानाचं पोट ज्यावर चालायचं त्या पेजमेकर ६.५ लाही येत नव्हती. त्यामुळे दुकानात चालायचे जुन्या पद्धतीचे फाँट. त्यात युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : कुठे अर्धा 'ण', कुठे कान, कुठे वेलांटी. म्हणजे फाइलीत 'भायखळा' हा शब्द नसतोच. तिथे असतात काही रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि त्या ठरावीक फाँटचा चष्मा लावला तरच ती 'भायखळा' दिसतात. शिवाय हे सॉफ्टवेअर चोरीला जाऊ नये म्हणून संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला एक छोटं कुलूप लावावं लागे, त्याला डोंगल म्हणत. डोंगल गेलं की सॉफ्टवेअर गप्प. हे सगळं एकदा बसलं की विंडोज ९८ वरून हलणं म्हणजे दुकान नव्याने थाटणं. काका २००५ नंतरही का हलले नाहीत, याचं उत्तर स्वभावात शोधू नका, त्या डोंगलमध्ये शोधा.

दुसरा डबा

सुदैवाने काकांच्या पोटमाळ्यावर आणखी एक संगणक निघाला. पहिल्याहून जुना : सेलेरॉन, २५६ एमबी रॅम, २० जीबीची डिस्क, विंडोज ९८. मागे डोंगल अजून अडकवलेलं. या वेळी मी तो चालूही केला नाही. चालू केला की विंडोज स्वतःहून फाइलींना हात लावतं, तारखा बदलतं.

मी काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी नक्की लागेल. आधी फोटो काढले : मागच्या तारा, डोंगल, डब्यावरचे स्टिकर, आतली धूळसुद्धा. मग डिस्क बाहेर काढली. जुन्या, ४० टाचण्यांच्या आयडीई डिस्कला यूएसबीवर आणणारा कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडला मिळतो. घेताना त्याला वेगळा वीजपुरवठा आहे ना हे बघा, नाहीतर डिस्क फिरतच नाही. माझ्या मिंट लॅपटॉपवर आधी आपोआप माउंट होण्याची सोय बंद केली, म्हणजे डिस्क जोडल्याबरोबर सिस्टिम त्यावर काही लिहिणार नाही. मग 'डीडीरेस्क्यू' या प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची बिटन् बिट प्रतिमा घेतली. साधी कॉपी नव्हे. साध्या कॉपीत फक्त दिसणाऱ्या फाइली येतात. प्रतिमेत पुसलेल्या फाइलींची उरलेली जागाही येते. डिस्कचे काही भाग खराब असले तर हा प्रोग्रॅम ते बाजूला ठेवतो आणि नंतर परत प्रयत्न करतो.

पहिल्या प्रयत्नात काम ४ जीबीला थांबलं. कारण मी ज्या बाहेरच्या डिस्कवर प्रतिमा ठेवत होते ती एफएटी३२ पद्धतीची होती, आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. दुसऱ्या दिवशी ती डिस्क ईएक्सटी४ करून परत बसले. प्रतिमा झाल्यावर तिचा 'शा-२५६' ठसा काढला आणि वहीत पेनाने लिहून ठेवला. उद्या मार्गदर्शकांनी विचारलं, "ही फाइल तू बदलली नाहीस कशावरून?" तर तो ठसा पुन्हा काढून दाखवायचा. दस्तावेजावर पुराभिलेखागाराचा शिक्का असतो तसंच हे.

कन्व्हर्टर मिळाला नाही तर दुसरा मार्ग पपी लिनक्सचा. सीडीवरून यंत्र उठवायचं, डिस्क माउंट करायची नाही आणि प्रतिमा बाहेर काढायची. पण इतक्या जुन्या यंत्राचं यूएसबी १.१ असतं आणि २० जीबीला अख्खी रात्र जाते.

एवढं झाल्यावरच त्या डब्यात लिनक्स टाकलं, आणि तेही मूळ डिस्कवर नाही. मूळ डिस्क कागदात गुंडाळून, डोंगलसकट, खोक्यात ठेवली. डब्यात दुसरी वापरलेली डिस्क बसवली. रॅमची आणखी एक २५६ ची पट्टी मिळाली, ५१२ झाली. त्या बोर्डाची मर्यादाच तेवढी. अँटीएक्स बसलं. स्वॅप म्हणून १ जीबी ठेवली, आणि झेडरॅम चालू केलं. झेडरॅम म्हणजे मेमरीतलाच मजकूर दाबून कमी जागेत बसवणं. कपाट मोठं करता येत नाही, पण साड्या नीट घड्या घालून ठेवता येतात, तसं. ब्राउझर त्यावर उघडू नका, उगाच दोघांनाही त्रास. लिहिणं, वाचणं, फाइली चाळणं उत्तम होतं.

आता फाइली. पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय लिब्रेऑफिसमध्ये २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे, कोरलड्रॉची त्याआधीपासून. मांडणी थोडी हलते, पण उघडतात. मजकूर अर्थातच रोमन चिन्हांचा खिचडा दिसतो. मूळ फाँट काकांच्या डिस्कवर होते. ते फक्त वाचण्यापुरते वापरले, कोणाला दिले नाहीत, परवाना त्यांच्या दुकानाचा आहे. फाँट लावला आणि पडद्यावर पहिली ओळ मराठीत उमटली. एका गणेशोत्सव मंडळाचं निवेदन. चार फाइली, चार मसुदे.

इथे खरी मजा आहे, आणि धोकाही. चारही फाइलींची तारीख १ जानेवारी २००२. मी आधी तसंच नोंदवलं. मग मजकूर वाचला. पहिल्या मसुद्यात देखाव्याचं वर्णन आणि वर्गणीचं आवाहन. दुसऱ्यात देखाव्याच्या दोन ओळी गेल्या. तिसऱ्यात '२६ जुलैच्या पावसात' तळमजल्याच्या ज्या घरांचं सामान गेलं त्यांच्यासाठी मदतीचा परिच्छेद आला. चौथ्यात देखावा रद्द. २६ जुलै म्हणजे २००५ चा महापूर, दुसरं काय असणार? मग फाइलीला २००२ ची तारीख कशी? काकांना विचारलं तर म्हणाले, "त्याचं घड्याळ कधीच बरोबर नव्हतं. रोज सकाळी तेच दाखवायचं." मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी मेली की संगणक बंद केल्यावर घड्याळ कारखान्याच्या तारखेवर जातं. त्या डिस्कवर शेकडो फाइली एकाच दिवशी 'लिहिल्या' गेल्यात. फाइलीची तारीख ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते. ताम्रपटाबाबत आपण ती करतो, संगणकापुढे मात्र मान डोलावतो.

युनिकोडमधल्या नंतरच्या फाइलींसाठी एक बारीक खूण सांगते. 'ॲ' हे मराठीचं अक्षर स्वतंत्र एकसंध चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'अ' वर वेगळा चंद्र देत. दिसायला जवळजवळ सारखं, पण आत वेगळं. एखाद्या फाइलीत एकसंध 'ॲ' असेल आणि तारीख २००४ ची असेल, तर एकतर तारीख खोटी, नाहीतर फाइल नंतर कोणीतरी पुन्हा साठवलेली. उलट मात्र धरू नका. एकसंध 'ॲ' नाही म्हणजे फाइल २००८ आधीची, असं होत नाही. बरेच की-बोर्ड पुढे कितीतरी वर्षं जुनंच देत होते.

आणि एक अडचण, जिचं उत्तर मला अजून पूर्ण मिळालेलं नाही. त्या डिस्कवर लग्नपत्रिका आहेत, इनपेजमधले उर्दू दावतनामे आहेत, श्रद्धांजलीची पत्रकं आहेत, लोकांचे पत्ते आणि फोन आहेत. काकांनी मला परवानगी दिली, लेखी दिली. पण काकांची परवानगी म्हणजे गिऱ्हाइकांची नव्हे. सध्या मी फक्त मंडळं, संस्था, युनियन यांची जाहीर पत्रकं वापरते. घरगुती मजकूर मोजते, पण वाचून उद्धृत करत नाही. विद्यापीठाच्या फॉर्मवर 'डिजिटल साधने' असा एक चौकोन आहे, त्यात टिक करून हा प्रश्न सुटत नाही.

पहिल्या डिस्कचं काय झालं, हे राहिलंच. ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून ते यंत्र मी बंद ठेवलं, कारण चालू ठेवलं की जुन्या मजकुरावर नवा लिहिला जातो. इन्स्टॉलर डिस्क 'पुसतो' म्हणजे सगळं शून्य करत नाही. जुनी अनुक्रमणिका फाडून नवी लावतो. पानं बरीचशी तिथेच असतात. अँटीएक्स आणि माझ्या टिपणांनी मिळून सातेक जीबी जागा घेतली होती, बाकीच्या जागेवर जुनं काहीतरी असण्याची शक्यता होती. त्याही डिस्कची प्रतिमा घेतली आणि त्यावर 'फोटोरेक' चालवलं. हा प्रोग्रॅम अनुक्रमणिकेशिवाय, फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखत तुकडे उचलतो. फाइली निघाल्या, पण नाव नाही, तारीख नाही, फोल्डर नाही. नुसते क्रमांक. कोरलड्रॉच्या ३१२ उघडल्या. काही अर्ध्याच, पावतीचा वरचा भाग आणि खाली काळं.

त्या ओळखायच्या कशा? मी दर शनिवारी दुपारी त्यांच्या प्रिंट घेऊन काकांकडे जाते. ते चष्मा वर करून बघतात आणि किनारीवरून सांगतात : "ही वेलबुट्टी मी नव्याण्णवला आणली", "हा माणूस पैसे बुडवून गेला", "हे माझं नाही, भाच्याचं काम आहे, बघ काना किती लांब दिलाय." मी फाइलीच्या क्रमांकासमोर लिहून घेते. आत्तापर्यंत ९८ झाल्या. गेल्या शनिवारी एका प्रिंटवर त्यांनी पेनाने 'कार्यकारीणी'तली दुसरी वेलांटी खोडून पहिली केली, आणि मला म्हणाले, "छापायच्या आधी मला दाखवायचं होतंस."